बर्फाची लादी

वकील म्हणाले, वंशावळ लिहून आणा,
साधीच, फांद्या काढून, सगळ्यात वर मूळ पुरुष.
कारखान्याचा वीजमीटर अजून टेऊमल सजनाणींच्या नावावर आहे
आणि ते जाऊन सदतीस वर्षं झाली.

मूळ पुरुष.
अठ्ठेचाळीस साली कराचीहून बोटीने आला,
बायको, दोन पोरं, एक मेहुणा
आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली झुलेलालची तसबीर.
सक्करला त्याचा सुकामेव्याचा धंदा होता,
बर्फातलं ओ की ठो कळत नव्हतं.
पण कोपरीच्या बराकीत, पत्र्याखाली,
पहिल्या उन्हाळ्यात माणसाला दुसरं काय सुचणार?

मेहुणा पोकरदास. आठ आणे त्याचे.
दारूखान्याच्या भंगारातून कॉम्प्रेसर त्यानेच आणला.
अमोनियाने दोघांचे डोळे कायमचे लाल.

रस्ता ओलांडला की चेंदणी.
तिथली पोशीबाई नाखवा पहिलं गिऱ्हाईक,
पहाटे दोन लाद्या, उधारीवर.
तिचं भांडण एकच, ते अकरा वर्षं चाललं:
कारखान्यात मण, बंदरावर पाऊण मण,
मंग वितळला तो कोनाच्या नावावं?
टेऊमल भुसा टाकायचा, पोतं गुंडाळायचा,
शेवटी हात झटकून म्हणायचा,
बाई, जो गया पानी, आधा मेरा, आधा तेरा.

त्याने वही लिहिली हटवाणिकीत,
दुकानदारांच्या त्या लिपीत,
जी आज घरात कुणालाही लागत नाही.
तिने भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या.
त्या मला वाचता येतात.

मग हासानंद, माझे आजोबा,
लादी पोचवून परतायला उशीर करू लागले.
लादी उतरवायला किती वेळ लागतो
हे टेऊमलला पक्कं माहीत होतं.
पोशीबाईची चांगुणा, असं कळलं तेव्हा
पोकरदासने रात्रीत कॉम्प्रेसर खोलला,
नटबोल्ट मोजून डब्यात भरले,
ट्रकात घालून उल्हासनगरला नेला.
सख्ख्या बहिणीचा निरोपही घेतला नाही.

बंद कारखान्यात पोशीबाई आली.
कुणी बस म्हणालं नाही, तशीच उभी राहिली तसबिरीसमोर.
म्हणाली, तुमचा देव म्हावऱ्यावर बसलाय,
त्याला नाय आला वास?
मग जवळ जाऊन बघितलं, नि म्हणाली, आगो, ह्यो तर पाला.
आतून टेऊमलची बायको बोलली,
त्या आठवड्यातलं तिचं पहिलंच वाक्य: पल्लो.
सोयरीक तिथेच ठरली, असं आजी सांगायची.
बाबा म्हणतात, ठरवली ती पाटल्यांनी.
चार पाटल्या विकून नवा कॉम्प्रेसर आला,
करारावर पोशीबाईचा अंगठा, चार आणे.
टेऊमल तिला कधी विहीणबाई म्हणाला नाही,
मरेपर्यंत पार्टनर म्हणायचा.
तीही ओ द्यायची.

आता हिला कुठे लिहू?
वकिलांच्या फांद्या फक्त खाली उतरतात,
रस्ता ओलांडत नाहीत.
अंगठ्याचा तो कागद पंच्याऐंशीच्या भरतीत भिजला.
पोकरदाससाठी तर रकानाच नाही.
आजी त्याच्या नावाने दर दिवाळीला एक पणती लावायची,
रागाने लावायची, पण लावायची.

गेल्या महिन्यात फोन आला.
हल्ली कोळी कमी, केटरर जास्त, तसाच वाटला.
उल्हासनगरात लग्न, तीस लाद्या, भाव काय.
नाव विचारलं तर थांबून म्हणाला,
पोकरदास माझे पणजोबा.
आपण काहीतरी लागतो ना, दीदी?

मी भाव सांगितला, गाडीभाडं वेगळं.
मग म्हटलं, वाटेत वितळेल ते अर्धं आमच्याकडे.
त्याला काही कळलं नाही.
घासाघीस करायची तयारी करून आलेला,
तो जरा वेळ गप्पच झाला.